बागुलबुवाची मालकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे लालबाग-परळच्या चाळींत अजूनही कारीट फुटतं. लिंबापेक्षा लहान, हिरवं, अंगावर फिकट पट्टे असलेलं, जहर कडू फळ. अंघोळ करून आलेला माणूस दारात उभा राहतो, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडतो, ‘गोविंदा’ म्हणून आरोळी ठोकतो, त्याचा कडू कण जिभेला लावतो आणि तोंड वाकडं करतो. मेला नरकासुर. गोव्यात याच असुराचे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे पुतळे उभारतात आणि रात्रभर मिरवतात. इथे दहा बाय बाराच्या खोलीत बिऱ्हाड थाटलेल्या कोकणातल्या माणसाने तोच असुर मुठीत मावेल एवढा करून घेतला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाने पायाखालचं कारीट उचललं आणि विचारलं, “ह्याचं तोंड कुठंय?” बाप म्हणाला, “आधी फोड, फराळ थांबलाय.” पोरगा आत गेला, बॉलपेन घेऊन आला, दोन डोळे काढले, एक तोंड काढलं, तोंडात चार दात. आणि मग काही केल्या ते फोडेना. शेवटी आजीने दुसरं, बिनतोंडाचं कारीट आणून दिलं. ते त्याने मुकाट्याने फोडलं. तोंडवालं कारीट पार सुरकुतेपर्यंत खिडकीच्या गजापाशी बसून होतं. त्याला तो ‘आमचा नरकू’ म्हणायचा.

हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्याकडे मुलांच्या वाट्याला काल्पनिक प्राणी कमी कधीच नव्हते. बागुलबुवा होता, गोणीत घालून नेणारा बुवा होता, चिंचेवरची हडळ होती. शिमग्याला गावी गेलं की काळा पायघोळ झगा, टोकदार काळी टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू बांधलेला संकासूर अंगावर धावून यायचा आणि गिरणगावात वाढलेली धीट पोरंही आजीच्या लुगड्यामागे लपायची. पण ही सगळी मंडळी मोठ्यांच्या ताब्यातली. भात संपवला नाही की येणार, दुपारी झोपलं नाही की येणार. बागुलबुवा हा आईच्या नोकरीत होता म्हणा ना. मुलाने राक्षस स्वतः बनवला तर ही नोकरी कोणाकडे जाते, एवढंच मला बघायचं होतं.

मी चित्रकलेची बाई नव्हे. नोकरीतून मोकळी झाले, मे महिना होता, चाळीच्या गॅलरीत पाच ते नऊ वर्षांची सात-आठ पोरं रिकामी होती आणि माझ्याकडे ड्रॉइंगचे कागद आणि ऑइल पेस्टलचे दोन डबे होते. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, “जगात कुठेच नाही असा प्राणी काढा.” अर्ध्या तासाने हाती आलं ते असं : दोन डायनोसॉर, एक पिकाचू, एक डोरेमॉन. दोघांनी प्राण्याच्या भानगडीत न पडता दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी काढले. हे चित्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाच्या मनगटात कोण भरून ठेवतं, ठाऊक नाही. गिरगावातल्या ज्या मुलाला खिडकीतून फक्त समोरच्या चाळीची न्हाणी दिसते, तोही हेच डोंगर काढतो. आणि एक पहिलीतली मुलगी कोरा कागद घेऊन तशीच बसली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, “नसलेला आहे ना, म्हणून नाही काढला.”

तिचं काय चुकलं सांगा. चुकलं ते माझं. ‘काहीही काढा’ ही आपल्याला मुलांना दिलेली मोकळीक वाटते. त्यांच्या दृष्टीने तो हात-पाय न फुटलेला प्रश्न असतो.

पुढे वाचायला बसले, तेव्हा कळलं की हाच प्रश्न एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार नेटाने विचारला होता. अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ. त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४ ते ११ वर्षांच्या मुलांना आधी साधं घर आणि साधा माणूस काढायला सांगितलं, मग ‘अस्तित्वात नसलेलं घर’ आणि ‘अस्तित्वात नसलेला माणूस’. लहान मुलांनी आकार बदलले, काहीतरी लहानमोठं केलं, एखादा अवयव गाळला. आठ-नऊच्या पुढची मुलं मात्र दुसरीकडचं उचलून इथे जोडत होती. माणसाला प्राण्याचं अंग, घराला पंख. त्यांचा निष्कर्ष असा की चार-पाच वर्षांच्या मुलाचं चित्र ही हाताला पाठ झालेली एक सलग क्रिया असते. मला एकदम पाढे आठवले. सातचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला ‘साता पाचा’पाशी अडवा, तो पुन्हा ‘सात एके’पासून सुरू करतो. मधून शिरून काही बदलायचं, तर पाठ केलेलं सुटं सुटं दिसायला लागावं लागतं. पुढच्या संशोधकांनी यात एक दिलासा घातला : नुसतं तोंडी न सांगता एखादा नमुना समोर धरला, तर लहान मुलंही जोडाजोड करू लागतात. म्हणजे अडलेलं असतं ते हाताच्या सवयीत. डोक्यात प्राणी असतोच.

आणि मोठ्यांनी फार टेंभा मिरवू नये. थॉमस वॉर्ड या अमेरिकी संशोधकाने १९९४ मध्ये कॉलेजातल्या पोरांना परग्रहावरचे प्राणी काढायला सांगितले. बहुतेकांचे प्राणी दोन्ही बाजूंनी सारखे, डोळे असलेले, पायांवर चालणारे निघाले. परग्रह म्हणजे आमच्या गल्लीच्या जरा पुढे, असाच सगळा मामला.

याच्या कितीतरी आधी, १९३० मध्ये, रशियात लेव्ह वायगॉट्स्कीने कल्पनाशक्तीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीचं उदाहरण आहे. रशियन परीकथांत चेटकिणीचं घर असं असतं. वायगॉट्स्की म्हणतो की झोपडी खरी, कोंबडी खरी, पाय खरे. खोटं आहे ते फक्त जोडकाम. ज्याने झोपडी आणि कोंबडी नीट पाहिली नाही, त्याला हे जोडकाम जमणारच नाही. कोरा कागद देऊन ‘कल्पना कर’ म्हणणाऱ्याने हे वाक्य कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावं. मी ठेवलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी कागद लपवले आणि पोरांना भिंतीसमोर उभं केलं. आमच्या चाळीच्या जिन्यातली भिंत दर पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात तिचे पोपडे सुटतात. लिओनार्दो दा विंचीने आपल्या शिष्यांना डागाळलेल्या भिंतींकडे बघत जा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असं सांगून ठेवलंय. त्याला चाळीचा जिना मिळाला असता, तर तो खाली उतरला नसता. पहिली दोन मिनिटं सगळे खिदळले. मग एकाला बदक दिसलं. दुसरी म्हणाली, बदक नाही, बदकाला गिळलेला माणूस आहे. तिसऱ्याने खडूने त्या पोपड्याला पाय काढले, सहा. कोरा कागद घेऊन बसलेली मुलगी बराच वेळ बघत होती. मग पुढे झाली, ओलीचा एक लांबट ओघळ बोटाने दाखवला आणि म्हणाली, “ही त्याची शेपूट. बाकीचा तो भिंतीच्या आत आहे.”

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

असे प्राणी जोडण्याचा धंदा या भागात फार जुना आहे. श्रावणाच्या कितीतरी आधी परळ-लालबागला मूर्तीच्या कार्यशाळांचे मांडव पडतात. प्लास्टिकच्या पडद्याच्या फटीला नाक लावून पोरं उभी असतात. आत वीस-वीस फुटांची धडं, हात वेगळे ठेवलेले, एखाद्या मूर्तीची सोंड बसायची राहिलेली, कोपऱ्यात नुसते उंदीर. देव आणि प्राणी यांची जोडणी डोळ्यांदेखत चाललेली असते. ‘अखंड’ असं काही नसतं, सगळं सांध्यांतून उभं राहतं, हे लालबागचा मुलगा चित्रकलेच्या तासाआधी शिकतो. आणि शेवटी आखणी. डोळ्यांची आखणी कोणीही उठून करत नाही, हात बसलेला कारागीरच करतो. तोवर ती मूर्ती म्हणजे माती असते. डोळे उघडले की माणसं आवाज खाली करून बोलायला लागतात.

ही आखणी मी पोरांसाठी उसनी घेतली. शाडूचा गोळा प्रत्येकाला, बटाट्यासारखा, आणि डोळ्यांसाठी दोन काळे मिरे. बाकी काही करायचं नाही, फक्त मिरे हलवायचे. वर कपाळाशी लावले, तर बटाटा बावळट दिसतो. खाली, जवळजवळ लावले की तान्हं बाळ. एकमेकांपासून लांब, दोन कुशींना, की मासा. एक वर आणि एक खाली लावला तर सगळे एकदम म्हणाले, “हा चोर आहे.” एकाने दोन्ही मिरे पाठीमागे लावले. “ह्याला मागचं दिसतं, पुढचं नाही. म्हणून तो उलटा शाळेत जातो.” वीस मिनिटांत, एकही रेघ न मारता, सात प्राणी आणि एक गोष्ट.

गणपतीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, श्रद्धेला धक्का न लावता सांगते. त्याच्या प्रत्येक वेगळेपणाला कहाणी आहे. हत्तीचं डोकं का, याची एक. दात एकच का, याच्या तर दोन-तीन : कोणी परशुरामाशी झालेली झटापट सांगतं, कोणी महाभारत लिहिताना लेखणी केली म्हणतं, कोणी चंद्रावर फेकून मारला म्हणतं. विचित्र अवयव काढला की त्याचा जाब द्यावा लागतो, आणि जाब म्हणजेच गोष्ट. तो गणांचा पती. आणि हे गण कोण, तर वेड्याविद्र्या अंगांची शंकराची फौज. परळला १९३१ साली खोदकामात सापडलेलं शिवाचं प्रचंड शिल्प बारादेवीच्या देवळात आहे. त्यात एका शिवातून दुसरा शिव, त्यातून तिसरा, बाजूंनाही शिव, झाडाला फांद्या फुटाव्यात तसे, आणि पायाशी वाद्यं वाजवणारे ढेरपोटे गण. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराला ‘माणसातून माणूस उगवतो’ हे काढावंसं वाटलं. आमची पोरं काढतात तेव्हा आपण म्हणतो, अरे, नीट काढ.

किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात. सिंहासारखं धड, नखांत आणि शेपटीत चिमुकले हत्ती पकडलेले. दिवाळीत चाळीच्या अंगणात मुलं मातीचे किल्ले करतात, बुरूज, तोफा, अळीवाची हिरवळ, सगळं येतं; शरभ केलेला मी तरी पाहिला नाही. तो बाजारात आयता मिळत नाही, एवढंच कारण. बोरीबंदरचं स्टेशन १८८८ मध्ये पुरं झालं, त्याच्या भिंतींवरच्या पशुपक्ष्यांची आणि पानाफुलांची कोरीव कामं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केली. खालून रोज लाखो माणसं जातात. मान वर करून बघायचा तास कोणत्याच शाळेच्या वेळापत्रकात नाही.

मुलांना राक्षस द्यावा की नाही, या प्रश्नावर दादरमध्ये एक जुनं भांडण मुरलेलं आहे. त्याला कोणी भांडण म्हणत नाही, पण मला ते तसंच वाटतं. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. त्याआधी त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. दोघंही माँटेसोरीच्या पद्धतीने भारलेले. पण माँटेसोरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा मान्य नव्हत्या. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला खरं जग द्या, हाताला खऱ्या वस्तू द्या. पऱ्या आणि राक्षस नकोत. गिजुभाई तर गोष्टीवेल्हाळ माणूस. त्यांनी गोष्ट सांगण्यावर दोन भागांचं शास्त्र लिहिलं, आणि त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर दंगेखोर वर्गाला ताब्यात आणतो तो गोष्ट सांगूनच. ताराबाईंनी माँटेसोरीची शिस्त घेतली, महागडी साधनं सोडून इथली स्वस्त साधनं घेतली, आणि गाणी, गोष्टी, नाट्य हे सगळं बालवाडीत ठेवलं. पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्यात हेच बी पेरलं.

मी बरीच वर्षं मनातल्या मनात गिजुभाईंच्या बाजूने होते. आता माँटेसोरीबाईंचा आक्षेप नीट वाचल्यावर जरा थबकले. त्या म्हणत होत्या त्याचा मतलब असा, की परीकथेत कल्पना करतो तो मोठा माणूस, मूल नुसता विश्वास ठेवतं; आणि विश्वास ठेवणं म्हणजे कल्पना करणं नव्हे. बागुलबुवाच्या बाबतीत बाई शंभर टक्के बरोबर आहेत! त्यांनी यावर उपाय म्हणून राक्षसच वर्ज्य केला, तो मात्र मला पटत नाही. राक्षस बनवायची माती मुलाच्या हातात द्यायची, हा तिसरा रस्ता होताच.

गिरगावात तो रस्ता थोडासा रंगमंचावरून गेला. १९५९ साली सुधा करमरकरांनी साहित्य संघाच्या पाठबळावर ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’. लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली. १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. त्यांच्या नाटकांची नावंच बघा : ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अचाट गावची अफाट मावशी’, ‘अलबत्या गलबत्या’. पूर्ण राक्षसाला घाबरता येतं. निम्म्याशिम्म्या राक्षसाला विचारावंसं वाटतं, बाबा रे, उरलेला कुठे गेला? मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्याच हाताने हे राक्षस घडवले, म्हणून त्यांची भीती मोजून-मापून घातलेली आहे, चिमटीने मीठ घालावं तशी. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली, आणि २०१८ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांच्या चेटकिणीला बघायला नातवंडांना घेऊन आजीआजोबा आले.

मला नाटकापेक्षा नाटकानंतरचं जास्त आठवतं. शिवाजी मंदिर नाट्यगृहातून घरी आलो की आम्ही भावंडं गॅलरीत चेटकीण-चेटकीण खेळायचो. नाकाला कणकेचा गोळा, आजोबांची काठी, आईचं काळं लुगडं. माझी धाकटी बहीण चेटकीण व्हायला कधी तयार नसायची, आणि एकदा झाली ती दोन दिवस उतरायलाच तयार नव्हती, जेवताना ताट पुढे ओढून म्हणायची, “चेटकिणीला गवार चालत नाही.” आईने त्या दिवशी मुकाट अंडं करून दिलं. तिकीट काढून पाहिलेली चेटकीण तीन तासांची. खरा प्रयोग तो, गवारीचा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आमच्या गॅलरीतल्या उद्योगाला काही नियम आले होते. कोणी ठरवले नाहीत, पडत गेले.

कागद तीन घड्या करून फिरवायचा. एकाने डोकं काढायचं, मानेच्या दोन रेघा पुढच्या घडीत सोडायच्या, दुसऱ्याने न बघता पोट, तिसऱ्याने पाय. पॅरिसमधल्या अतिवास्तववादी चित्रकारांनी १९२५ च्या सुमारास हा खेळ लोकप्रिय केला. आमच्याकडे त्याला ‘घडीचा भूत’ असं अशुद्ध नाव पडलं. याचा फायदा असा की ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारा सुटतो. पाठ झालेला माणूस काढायचा, तर डोक्यानंतर पोट यायला हवं, आणि इथे पोट दुसऱ्याचं. पाढा आपोआप मोडतो.

दोन न जुळणारे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून उचलायचे. ही युक्ती जियान्नी रोदारी या इटालियन बाललेखकाची. त्याने १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया गावातल्या शिक्षकांशी आठवडाभर गप्पा मारल्या आणि पुढच्या वर्षी ‘कल्पनेचं व्याकरण’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं उदाहरण कुत्रा आणि कपाटाचं आहे. आमच्या चिठ्ठ्यांतून ‘कासव’ आणि ‘मीटरबॉक्स’ निघाले. कासव हळू असल्यामुळे त्याच्या घरी बिल कमी येतं, हा शोध दुसरीतल्या मुलाचा.

आणि प्रश्न. इथे मात्र मोठ्यांना जीभ आवरावी लागते. “काय काढलंयस?” हा प्रश्न विचारला की मूल त्या क्षणी काहीतरी ओळखीचं नाव सांगून मोकळं होतं. “हा आपल्या बिल्डिंगमध्ये कुठे राहतो?” विचारलं की ते विचारात पडतं. टाकीमागे? माळ्यावर? जिन्याखाली सायकलींच्या पाठी? विंदा करंदीकरांनी १९६३ मध्ये एटू लोकांचा देश वसवला, तेव्हा आधी तो तिबेट आणि हिमालय यांच्या मधोमध कुठे आहे ते सांगून टाकलं. पत्ता मिळाला की खोटं बोलणं थांबतं आणि गोष्ट सुरू होते. दुसरा प्रश्न : याला काय येत नाही? पोरं सुरुवातीला प्राण्याला सगळं बहाल करतात. उडतो, आग ओकतो, अदृश्य होतो, कोणी मारू शकत नाही. अशा प्राण्याचं पुढे काहीच होत नाही. त्याला गाठ सोडता येत नाही, किंवा त्याला शिंक आली की तो घर विसरतो, असं ठरलं की सगळे पुढे सरकून बसतात.

नावाचं काम मराठी जवळजवळ फुकटात करून देते. आपल्या भाषेत आवाजांचे आणि चालींचे इतके शब्द पडून आहेत की नुसते उचलायचे. खुडबुड, सळसळ, लुटुलुटु, फेंगडा, डुगडुगणारा. प्राणी कसा चालतो ते मुलाने करून दाखवायचं, बाकीच्यांनी त्या चालीला शब्द द्यायचा, त्याचं नाव करायचं. माळ्यावरचा खुडबुड्या असा जन्मला. मराठी माध्यमातली आणि इंग्रजी माध्यमातली पोरं तिथे एकत्र होती. इंग्रजीवाल्यांचे प्राणी आधी सगळे ‘मॉन्स्टर’ होते. चाल करून दाखवायला लागल्यावर त्यांचेही खुडबुडे झाले.

गोष्ट सांगताना मी लिहून घ्यायची, जशी येईल तशी. शिकागोच्या बालवाडीतल्या व्हिव्हियन पेली या बाईंनी आयुष्यभर हेच केलं : मुलाने गोष्ट सांगायची, बाईने शब्द न बदलता उतरवायची, वर्गाने ती लगेच करून दाखवायची. ऐकायला सोपं वाटतं. ‘मग तो गेला मग तो आला मग तो गेला’ हे लिहिताना माझ्यातली संपादक कशी तळमळायची, ते मलाच माहीत. एकदा न राहवून मी एक ‘मग’ गाळला. वाचून दाखवताना गोष्टवाल्याने तिथेच थांबवलं. “तो एकदा परत आला होता. तुम्ही त्याला आत घेतलंच नाही.”

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. एक आई येऊन सांगून गेली, “काकू, हे राक्षसबिक्षस नको, रात्री उठून बसते ती. त्यापेक्षा एलिमेंटरीची तयारी करून घ्या.” मुलगी सात वर्षांची. या शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, त्याचं महत्त्व मी नाकारत नाही; पण ज्याने ओलीच्या डागात शेपूट पाहिली नाही, तो स्मरणातून काय काढणार, डोंगरच. भीतीचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेतलं. मुलीलाच विचारलं, रात्री कोण येतं? तिने सांगितलेला प्राणी आमच्या गॅलरीत कोणी बनवलेलाच नव्हता. तो मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतला होता. आम्ही त्याला शाडूत केला. आखणी तिने केली, मिरे इतके जवळ लावले की तो बिचारा चकणा झाला. तिने त्याला चपलांच्या रॅकवर ठेवला, राखण करायला.

एका मोठ्या मुलाने फोनवर दोन शब्द टाकून चकचकीत ड्रॅगन करून आणला. खवले, ज्वाळा, सगळं होतं. सगळ्यांनी ‘भारी’ म्हटलं आणि फोन परत दिला. कोणी त्याला एक प्रश्न विचारला नाही. त्याचा त्यालाच तो कुठे राहतो ते सांगता येईना.

प्राण्यांत घरचं सगळं उतरतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मॉरिस सेंडाकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मधले अक्राळविक्राळ प्राणी म्हणजे ब्रुकलीनमध्ये रविवारी जेवायला येणारे त्याचे मामा-मावश्या होते, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. आमच्याकडे एकाच्या राक्षसाने चष्मा घातला होता आणि तो दर दोन वाक्यांनी ‘वही दाखव’ म्हणायचा. पाण्याचा एक प्राणी होता, टाकीत राहणारा, सकाळी साडेसहाला सगळं पाणी पिऊन टाकणारा. म्हणून वरच्या मजल्यावर धार येत नाही. आणि एक लिफ्टखाऊ. तो समोरच्या टॉवरमध्ये राहतो. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. लिफ्ट खातो आणि मग म्हाताऱ्या माणसांना खाली उतरता येत नाही. हा बनवणाऱ्या मुलाची आजी पुनर्विकासात मिळालेल्या बाविसाव्या मजल्यावर राहते, आणि आधीसारखी खाली ओट्यावर येऊन बसत नाही.

यंदा आमच्या चाळीच्याही कागदांवर सह्या झाल्या. पावसाळ्यानंतर दोन बिऱ्हाडं भाड्याच्या जागेत गेली, बाकीची जातील. प्राण्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पत्ता आहे : खुडबुड्या, माळा, तिसरा मजला. टाकीवाला, गच्ची. गेल्या रविवारी पोरांनी वही मागितली आणि पत्ते बदलायला बसली. खुडबुड्याचं काय करायचं यावर भांडण लागलं, कारण नव्या फ्लॅटला माळा नसतो. कोणी म्हणालं, एसीच्या मागे. टाकीवाला नव्या टाकीत जाईल, ती मोठी आहे, यावर एकमत झालं. नरकूचा मालक आता आठ वर्षांचा आहे. तो म्हणाला, सगळ्यांना एका गोणीत घालून टेंपोत टाकू.

भिंतीच्या आत राहणाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. ती मुलगी आता चौथीत आहे. बाकीचे पांगल्यावर तिने मला लिहून घ्यायला सांगितलं. मी पेन काढलं.

“तो येणार नाही,” ती म्हणाली. “त्याची फक्त शेपूट बाहेर आहे. भिंत पाडतील तेव्हा त्यांना कळेल तो केवढा होता.”

मी लिहिलं. मग तिने विचारलं, “‘केवढा’ लिहिलंत ना? ‘किती मोठा’ नका लिहू.”